चकतीमागचा जोडीदार

भरवसा कुणावर ठेवाल, ओरडणाऱ्यावर की धडधाकट दिसणाऱ्यावर? गाड्या बोलायच्या तेव्हाची गोष्ट. नेमूशेठच्या जुन्या गाडीतला ब्रेकचा लाल दिवा तारेला चिखल लागून दोनदा उगाच पेटला होता. तिसऱ्यांदा पेटला तसे शेठ गुरगुरले, "आता खोटा ठरलास तर उपटूनच टाकीन!" उद्या घाट उतरायचा होता. दिवा थरथरला, पण विझेना.

शेठनी अंगणात चाक काढलं. चाकामागच्या चकतीला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या जोडीतला बाहेरचा ब्रेकपॅड ऐटीत म्हणाला, "बघा, बोटभर जाड आहे मी!"

शेठ दिवा उपटायला निघाले, तेवढ्यात त्यांच्या पत्नी पद्माबाई म्हणाल्या, "अहो, चकतीमागच्या जोडीदाराला विचारलंत का?"

मागचा पॅड पुटपुटला, "झिजून माझा नुसता पत्रा उरलाय, शेठ. दिवा खरंच सांगत होता."

तेव्हा बाबांनो, काय धड आणि काय झिजलंय याचा हिशेब खरा ठेवा. झिजलेलं आधी लिहा.