नदीला भिणारा नावाडी

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्याच आरोग्यशाळेच्या उद्घाटनाच्या दिवशी, मंडपात पाहुणे जमलेले असताना, बैलगाडीत बसून निघून गेले. नगरात पुष्कळ दिवस त्याचीच चर्चा चालली. कुणी म्हणाले, वयोमानाने बुद्धी फिरली. कुणी म्हणाले, शेटजींशी बिनसले असणार. खरे कारण पैलतीरावरचा एक नावाडी होता. ते कारण समजून घ्यायला वैद्यांच्या शिष्यालाही बराच त्रास सोसावा लागला.

या वैद्यांना सगळे दाजीशास्त्री म्हणत. ते मनाचे वैद्य होते. ज्याची झोप उडाली आहे, ज्याला कारणाशिवाय रडू कोसळते, जो घरच्या माणसांत बसूनही हरवलेला असतो, अशाला ते समोर बसवत, त्याचे ऐकून घेत, गरज वाटली तर काढा देत, आणि पुन्हा ऐकून घेत. मोरेश्वर हा त्यांचा पट्टशिष्य. बुद्धीने तल्लख, शिस्तीचा कडक, संयम मात्र बेताचा. गुरुजी आत ऐकत बसले की दाराबाहेरची रांग तो सांभाळी. रांग सांभाळणाऱ्या माणसाला रोगी हळूहळू रोगी वाटेनासे होतात, गर्दी वाटू लागतात. मोरेश्वराचेही तसेच झाले होते.

नदीपलीकडच्या वाडीत धाकू नावाचा नावाडी राहत असे. एका पावसाळ्यात पुराच्या लोंढ्यात त्याची नाव खडकावर आपटून उलटली. बाकी सगळे वाचले. माहेरी निघालेली एक नवी नवरी तेवढी वाहून गेली. त्या दिवसापासून धाकूने वल्हे हाती धरले नाही. नदीचा आवाज आला की तो कान दाबून खाली बसे. झोपेत ओरडून उठे. पुढे पुढे तर घागरीतून पाणी ओतल्याचा आवाजही त्याला सोसेना. वाडीतली माणसे म्हणू लागली, झपाटला.

त्याची बायको येसू दुसऱ्याच्या नावेतून नदी पार करून वैद्यांच्या दारी आली. दारात मोरेश्वर होता.

"रोगी कुठे आहे?" त्याने विचारले.

"घरी हायत, म्हाराज. त्यांना आणता येत न्हाई. नदी दिसली की अंग थरथरतं, मटकन खाली बसतात."

"रोग्याला पाहिल्याशिवाय उपचार कसे करणार, बाई? त्यांना घेऊन या."

"पण नदीचंच तर भ्या हाय त्यांना..."

"घेऊन या म्हटलं ना!" मोरेश्वर म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

येसू पुन्हा आली. मग आणखी एकदा आली. दर वेळी एकटीच. संध्याकाळी मोरेश्वराने गुरुजींपाशी त्रागा केला, "गुरुजी, लोकांना बरं व्हायचंच नसतं! ती पलीकडची बाई परत आली होती. म्हणते, नवऱ्याला काठापर्यंत आणलं आणि तिथूनच परत न्यावं लागलं. आता काठापर्यंत आलेल्या माणसाला नावेत बसायला काय होतं? इच्छाच नाही, दुसरं काय!"

दाजीशास्त्री दिवसभर ऐकून थकलेले होते. त्यांनी डोळे मिटून भिंतीला पाठ टेकली.

त्याच सुमारास नगरातले धनाढ्य व्यापारी गुलाबशेट यांनी आरोग्यशाळेची नवी वास्तू बांधून पूर्ण केली. त्यांच्या आईला दाजीशास्त्रींनी मोठ्या आजारातून बाहेर काढले होते, त्या उपकाराची ही फेड. शेटजींनी हौसेने थेट घाटावर दगडी दालन उठवले आणि त्याला नदीच्या बाजूने प्रशस्त खिडक्या ठेवल्या. "वाहतं पाणी पाहिलं की मन कसं शांत होतं!" असे ते ज्याला त्याला सांगत.

उद्घाटनाच्या सकाळी धाकूच्या भावांनी त्याला दोरीने बांधले, नावेच्या तळाशी आडवे टाकले आणि नदीपार आणले. मागोमाग येसू आली, रडून रडून डोळे सुजलेली. मोरेश्वराला मात्र आनंद झाला. "आला एकदाचा!" तो म्हणाला. नव्या दालनातला पहिला रोगी पैलतीरावरचा आहे हे शेटजींना आवडेल, अशा विचाराने त्याने धाकूला आत नेऊन सर्वांत हवेशीर जागी, खिडकीपाशी बसवले.

खाली घाटाच्या पायऱ्यांवर पाणी आपटत होते. धाकूने असा काही आक्रोश केला की मंडपातले सनईवाले वाजवायचे थांबले.

दाजीशास्त्री धावत आले. त्यांनी आधी खिडक्या लावून घेतल्या. मग धाकूशेजारी जमिनीवर बसून त्याचे हात हातांत घेतले. मनगटांवर लालभडक वळ उठले होते.

"हे कशाने झालं?"

"दोरीनं," धाकूचा भाऊ म्हणाला. "असे थोडेच आले असते? तुमच्याच माणसानं सांगितलं होतं, घेऊन या म्हणून."

दाजीशास्त्रींनी मोरेश्वराकडे एकदाच पाहिले. मग ते उठले आणि त्यांनी वरच्या अंगाच्या पुलावरून वाडीला जाणारी बैलगाडी बोलावली. तो रस्ता फार लांबचा, दगडधोंड्यांचा. पण त्यावरून जाताना नदी एकाच ठिकाणी, पुलावर, भेटत असे. गाडीत गवत पसरून त्यांनी धाकूला निजवले, येसूला बसवले आणि स्वतःही वर चढले.

गुलाबशेट घाईघाईने बाहेर आले. "शास्त्रीबुवा, हे काय चालवलंय? पाहुणे खोळंबलेत! दीप कोण लावणार?"

"तुम्ही लावा," दाजीशास्त्री म्हणाले. "तेल तुमचं, वात तुमची. माझं काय अडलंय तिथे?"

गाडी निघाली. मोरेश्वर क्षणभर थिजून उभा राहिला, मग धोतर सावरत मागून पळाला आणि कसाबसा गाडीत चढला.

वाटभर त्याची धुसफुस चालू होती. एका माणसासाठी दारातली सगळी माणसे टाकून जायचे, हे कुठल्या शास्त्रात बसते? शेटजी आता पुन्हा कधी मदत करतील का? तेवढ्यात चाक खड्ड्यात गेले आणि तो कळवळला.

"पाठ दुखते का रे?" गुरुजींनी विचारले.

"दुखते तर काय! ही काय माणसांनी यायची वाट आहे?"

"आणि आपण येसूबाईंना इतके दिवस सांगत होतो, वाट कसलीही असो, त्यांना घेऊन या म्हणून."

मोरेश्वराने रागाने तोंड फिरवले. पूल आला तेव्हा दाजीशास्त्रींनी धाकूचे डोके मांडीवर घेतले, त्याच्या कानांवर आपले तळवे धरले आणि गाडी पलीकडे जाईपर्यंत तसेच धरून ठेवले.

धाकूचे घर नदीपासून दूर, चढावर होते. दाजीशास्त्रींनी त्याच्या गोठ्यापुढच्या ओसरीत मुक्काम ठोकला. धाकू दिवसभर खाली मान घालून वालाच्या शेंगा सोलत बसे. वैद्यबुवाही शेजारी बसून शेंगा सोलू लागले. प्रश्न नाही, उपदेश नाही. दुसऱ्या दिवशीही शेंगा, तिसऱ्या दिवशीही शेंगा. मोरेश्वराचा धीर सुटला.

"गुरुजी, इतकी वर्षं शास्त्राचं अध्ययन केलं ते वाल सोलायला का? तिकडे माणसं ताटकळताहेत. याला खरंच बरं व्हायचं असतं, तर हा तिथेच चार शब्द बोलला असता!"

दाजीशास्त्रींनी हातातली शेंग खाली टाकली. त्यांना इतके वैतागलेले मोरेश्वराने कधी पाहिले नव्हते.

"अरे, किती वेळा तेच म्हणशील? कान किटले माझे! पाय मोडलेल्याला आपण म्हणतो का, धावत ये, मग पट्टी बांधतो? मनाने मोडलेल्याला मात्र रोज तेच सांगतो. ज्याला माणसांची धास्ती, त्याला म्हणतो गर्दीत उभा राहा. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याला म्हणतो पहाटे निघून वेळेवर पोच. नदीला भिणाऱ्याला म्हणतो, नदी ओलांडून ये. आणि तो आला नाही की आपणच ठरवतो, याला इच्छा नाही! इच्छा नव्हती तर ही बाई पुन्हा पुन्हा आपल्या दारात कशाला उभी राहिली असती? वैद्य आपल्या सोयीच्या जागी बसला, की चालत येण्याइतके बरे असलेले रोगीच त्याच्यापर्यंत पोचतात. ते बरे होतात, आणि तो समजतो, माझ्या हाताला यश आहे. जे वाटेतच राहिले, ते त्याला कधी दिसतच नाहीत. मोरेश्वरा, औषध रोग्यापासून लांब ठेवायचं आणि अंतराचा दोष रोग्याला द्यायचा, याला शास्त्र म्हणत नाहीत."

मोरेश्वराने मान खाली घातली. मग उगाच उभे राहण्यापेक्षा तोही शेंगा सोलायला बसला.

त्यानंतर किती दिवस गेले कुणास ठाऊक. एका दुपारी धाकू, मान वर न करता, म्हणाला, "हात सुटला न्हाई."

दाजीशास्त्री थांबले.

"सगळी म्हणतात, पोरीचा हात सुटला, तुझा काय दोष? पण सुटला न्हाई तो. मी सोडला. एका हातात ती, एका हातात एक तान्हं पोर. उलटलेली नाव कुणी धरायची? मी तिचा हात सोडला. तिनं बघितलं माझ्याकडं."

येसू दारात उभी होती. तिने पदर तोंडात कोंबला. मोरेश्वराच्या ओठांवर सांत्वनाचे शब्द आले होते. गुरुजींनी नजरेनेच त्याला थांबवले.

"आणि ते तान्हं?" दाजीशास्त्रींनी हळूच विचारले.

"जगलं."

"उद्या मला हे पुन्हा सांगाल?"

धाकूने दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितले. नंतरही सांगत राहिला. कधी थोडे, कधी सगळे. सांगताना कधी रडे, कधी चिडे, कधी उठून गोठ्यामागे निघून जाई आणि परत येई. थंडी पडू लागली तेव्हा तो सलग झोपू लागला होता आणि आपल्या हाताने घागर ओतून अंघोळ करू लागला होता. मग त्याने पुन्हा नाव चालवायला घेतली का, असे नगरातले लोक मोठ्या उत्सुकतेने विचारत. नाही घेतली. त्याने घरामागे भाजीचे वाफे केले आणि त्यांना पाणी घालू लागला. पाणी घालू लागला, हे ऐकूनही ज्यांना काहीच वाटले नाही, त्यांना पुढे काय समजावणार!

दाजीशास्त्री नगराला परत निघाले तेव्हा मोरेश्वराला म्हणाले, "तू इथेच थांब."

मोरेश्वर थांबला. आसपासच्या वाड्यांतली माणसे त्या ओसरीवर येऊ लागली. शेजारची म्हातारी भाजी निवडायच्या निमित्ताने बसे आणि जाता जाता मनातले बोलून जाई. कामावरून परतणारा एखादा गडी उंबऱ्याशी रेंगाळे. वैद्याकडे आलो असे कुणाला सांगावे लागत नव्हते. धाकूच्या घरी गेलो होतो, एवढे पुरे होई. मोरेश्वराला समाधान वाटू लागले, आणि समाधानाबरोबर थोडा अभिमानही.

"आता बरं झालं," एके दिवशी तो येसूला म्हणाला. "उपचार दारात आलाय. आता कुणाला काही सबब उरली नाही."

येसू दळण पाखडत होती. तिचे हात थांबले.

"समोरच्या डोंगरावर त्या पोरीची आई ऱ्हाती," ती म्हणाली. "जी बुडाली, तिची. जेवत न्हाई म्हणतात. कुणी हाक मारली तर ओ देत न्हाई."

"मग ती इकडे का येत नाही?" मोरेश्वराने विचारले.

येसूने वाफ्यांपाशी वाकलेल्या नवऱ्याकडे पाहिले, आणि मग मोरेश्वराकडे.

"ह्या घरी?" ती म्हणाली. "ती ह्या घरी कशी येईल, म्हाराज?"

समोरचा डोंगर उभ्या चढाचा होता, वर ऊन तापले होते. मोरेश्वराने एक मोठा, कंटाळलेला सुस्कारा सोडला.

"वाट कुठून जाते?" त्याने विचारले, धोतराचा काचा मारला, आणि पुटपुटत चढू लागला.