गोफणीचा अपुरा हंगाम

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरांच्या कुशीत एक राज्य होते. तिथे पेरण्या आटोपल्या की कापणीपर्यंत गोफणीचा खेळ चाले. नव्वद दिवस, रोज दहा दगड. समोर दूरवर दोरीला मडकी टांगलेली असत. जो हंगामात सातशे मडकी फोडील त्याचे नाव शिळेवर कोरले जाई आणि शेतराखणदारांच्या नाईकाची पगडी त्याला मिळे. कुणीच सातशे गाठली नाहीत, तर पगडी जुन्या नाईकाकडे राही.

अकरा वर्षे ती रायाजीच्या डोक्यावर होती. त्याने सातशे चार मडकी फोडली होती. त्यानंतर कुणाचा हात तिथवर पोचला नव्हता.

एका वर्षी राज्यात तापाची साथ आली. माणसांनी एकत्र जमू नये, अशी राजाने दवंडी पिटवली. साथ ओसरली तेव्हा कापणीला वीसच दिवस उरले होते. तेवढाच खेळ झाला. त्यात मंजुळा नावाच्या धनगराच्या मुलीने दोनशे दगडांत एकशे बाहत्तर मडकी फोडली.

दरबारात वाद पेटला. प्रधान म्हणाला, "नियम सातशेचा आहे. पगडी रायाजींकडेच राहील."

"फेकायलाच दोनशे दगड मिळाले, तर सातशे फुटणार कुठून?" तरुण म्हणाले. "याच चालीने ती पावणेआठशेच्या घरात गेली असती."

"गेली असती, पण गेली नाही," प्रधान म्हणाला. "दोन महिने झाले की खांदा भरून येतो, वारा फिरतो. वीस दिवसांत ते काय कळणार?"

राजाने मंजुळेला विचारले. ती म्हणाली, "महाराज, जे दगड मी फेकले नाहीत ते माझ्या नावावर लिहू नका. पण जे फेकले तेही पुसू नका."

राजा रायाजीकडे वळला. "नाईक, तुमचे मत?"

"एक दिवस द्या, महाराज."

घरी जाऊन रायाजीने आढ्याला खोचलेली काठी काढली. विक्रमाच्या वर्षी रोज किती मडकी फुटली, त्याच्या खाचा त्याने तिच्यावर केल्या होत्या. त्याने सलग वीस-वीस दिवस मोजून पाहिले. सुरुवातीचे, मधले, शेवटचे. सर्वांत चांगले वीस दिवस भरले एकशे त्रेसष्टचे.

काठीची गोष्ट त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. ती चुलीत सरकवली असती तर नियम त्याच्याच बाजूने होता. त्याने पगडीवरून हात फिरवला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने काठी राजापुढे ठेवली.

"महाराज, नव्वद दिवसांचा गडी मीच आहे, ते मी कुणाला देणार नाही. पण माझ्या नव्वद दिवसांत असे वीस दिवस एकदाही आले नाहीत. सातशेचा नियम पुऱ्या हंगामासाठी होता. हंगाम आखूड झाला, तर मापही आखूड करायला हवे."

प्रधानाने खाचा मोजल्या आणि मान खाली घातली.

राजाच्या संमतीने रायाजीने पगडी उतरवून मंजुळेच्या डोक्यावर ठेवली. ती वाकून पाया पडू लागली, तसे त्याने तिला धरले. "पोरी, वाकू नकोस, पगडी पडेल." दरबार हसला, ढोल वाजू लागले, आणि धनगरवाड्याच्या बायकांनी नव्या नाईकाला खांद्यावर उचलून साऱ्या गावातून मिरवले. शिळेवर रायाजीच्या ओळीखाली कोरले गेले: मंजुळा, वीस दिवस, दोनशे दगड, एकशे बाहत्तर मडकी.

तेव्हापासून त्या राज्यात प्रत्येक विक्रमाशेजारी हंगामाचे दिवसही कोरू लागले. तिथल्या शिळेवरच्या आकड्यावर पुन्हा कधी कुणी शंका घेतली नाही.

बोध: आपल्या यशाला लावलेले माप जो दुसऱ्याच्या यशालाही प्रामाणिकपणे लावतो, त्याचाच न्याय टिकतो.