शेवटी जेवणारीची बाग

आटपाट नगरातल्या गोष्टी तुम्ही खूप ऐकल्या असतील. तिथे राणीला बाळ व्हायचं म्हटलं की सगळं नगर तिच्यापुढे ताटं घेऊन उभं राहतं. ही गोष्ट तिथली नाही. ही डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका झोपडीतली आहे, आणि आधीच सांगून ठेवते, ती सांगताना मला राग येतो. तुम्हालाही आला तर येऊ द्या.

त्या झोपडीत सोनकी नावाची चिमुकली मुलगी राहायची. इवलीशी पावलं, इवलीशी वेणी, डोळे मात्र टपोरे. तिचे बाबा बांबूच्या टोपल्या विणायचे. आई, म्हणजे राही, बांबूच्या कांबी सोलायची. बाबांची थोरली बहीण, द्वारकाआत्या, घर सांभाळायची. म्हणजे भाकऱ्या थापायची आणि कुणी कधी जेवायचं ते ठरवायची. आधी बाबा, मग सोनकी, मग आत्या स्वतः. मडक्यात काही उरलंच तर आई.

आणि आईच्या पोटात बाळ होतं. सहावा महिना लागला होता.

"पोटुशीनं पोटभर खाऊ नये," आत्या म्हणायची. "बाळ मोठं होतं आणि येताना आईला छळतं. कमी खाल्लं की बाळ बारीक, बाळंतपण हलकं." शिवाय हेही म्हणायची, "आता हिंडायचं फिरायचं नाही. पडून राहायचं." मग आई पडून राहायची आणि पडल्या पडल्या कांबी सोलायची, कारण कांबी सोलणं हे आत्याच्या लेखी काम नव्हतंच.

गावातल्या बायका ओटी भरायला आल्या तेव्हा त्यांनी डोहाळ्यांची गाणी म्हटली. आंबट हवं का गोड हवं, असं गाण्यातून गोड गळ्यानं विचारलं. उत्तर ऐकायला एकही थांबली नाही. मला त्या गाण्यांचा राग येतो तो यासाठी.

आईचे ओठ पांढरे पडत चालले. एका सकाळी ती उठून दाराशी गेली आणि उंबऱ्यावरच मटकन बसली. सुईण गजराबाई धावत आली. तिनं आईच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, पोटावर हात ठेवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अंगात रक्त नाही हिच्या," ती म्हणाली. "अशीच राहिली तर कळा सोसायला बळ कुठनं आणील? मागल्या साली कुंभाराची सून अशीच गेली."

"देवाची मर्जी," आत्या म्हणाली.

बाबा खाली मान घालून टोपली विणत राहिले. सोनकीनं आत्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मडकं काय देवानं खरवडून ठेवलं होतं? ती तशीच रानात पळत सुटली.

रानात एक पांगारा होता. पानं गळून गेलेली आणि अंगभर लालबुंद फुलं. त्याच्या खोडाला काटे असतात, पण सोनकीला कुठलं भान? ती दोन्ही मुठींनी खोड बडवत रडू लागली.

"माझं घर का बडवतेस गं?"

एका लाल फुलातून बोटभर परी बाहेर आली. पंख चतुरासारखे झिरझिरीत, त्यांत निळी, सोनेरी, गुलाबी चमचम. अंगात किरमिजी झगा, केसांत दवाचे पिटुकले थेंब. आणि चेहरा रागानं लाल. पऱ्या कायम गोड हसत असतात असं सांगणाऱ्यांनी परी कधी पाहिलेलीच नसते.

"माझी आई मरेल," सोनकी म्हणाली. "आणि घरात कुणाला रागसुद्धा येत नाही."

तिनं हुंदके देत सगळं सांगितलं. परी ऐकत होती आणि तिच्या पंखांतून रंगीत ठिणग्या उडत होत्या.

"मला येतो राग," परी म्हणाली. "लोक माझ्याकडे सोनं मागतात, मुलगा मागतात. मुलाच्या आईसाठी घासभर अन्न मागायला कुणी येत नाही. बोल, काय हवं?"

"आईला बळ दे."

"बळ वरून ओतता येत नाही, बाळा. मी बाग देते. पण बागेला नियम आहेत. एक, आईनं रोज आपल्या पायांनी चालत यायचं. उचलून आणलीत तर बाग दिसणार नाही. दुसरा, बागेतलं जे घरी शिजेल त्याचा पहिला घास घरात जी शेवटी जेवते तिचा. दुसऱ्या कुणी आधी तोंड लावलं तर सगळ्याचा कोंडा होईल."

"पण सहावा लागलाय," सोनकी कुजबुजली. "आत्या म्हणते, आता काय उपयोग?"

"रोपाला पौषात पाणी मिळालं नाही, तर माघातही घालायचं नाही का? आणि आधी गजराबाईला विचारा. ती हो म्हणाली तरच निघायचं. चालताना आईला तुझ्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलणं तुटायला लागलं की बसायचं. पोटात दुखलं, चक्कर आली, तर माझ्याकडे नाही, तिच्याकडे जायचं. बाळंतपणातलं मला काय कळतं?"

गजराबाईनं पुन्हा येऊन आईला तपासलं. "आजचा दिवस विसावा घे, उद्यापासनं सावकाश चाल," ती म्हणाली. "पडून पडून कुणाला बळ आलंय?"

आत्यानं दारात हात आडवे धरले. "माझ्या घरात असले थेर चालायचे नाहीत."

सोनकी बाबांसमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, तुम्ही टोपलीचा तळ आधी घट्ट करता ना? तळ पोकळ ठेवून वर वीण घालता का कधी?"

बाबांच्या हातातली कांब खाली पडली. "आक्का, जाऊ दे तिला," ते म्हणाले. इतके दिवस गप्प बसून शेवटी एवढंच बोलले, पण बोलले.

पहिल्या दिवशी आई जेमतेम वाटेवरच्या चिंचेपर्यंत चालली आणि बोलणं तुटलं तशी बसली. बाग काही दिसली नाही. दुसऱ्या दिवशी चिंचेच्या थोडं पुढे. असं करत करत एका कोवळ्या सकाळी ती पांगाऱ्यापाशी पोचली, आणि समोर हिरवीगार बाग झगमगली. लालचुटुक माठ, जांभळी वांगी, केशरी भोपळे, मोत्यांसारखे टपोरे आवळे. शेवग्याची पानं झुळझुळत होती, नाचणीची कणसं डुलत होती, आणि सगळ्यांवर पिवळीधमक फुलपाखरं भिरभिरत होती. आईनं ओटी भरून भाजी खुडली.

त्या दिवशी घरात शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि नाचणीच्या भाकऱ्या झाल्या. सोनकीनं नियम सांगितला. आत्या हसली आणि नेहमीसारखं बाबांना आधी वाढलं. बाबांनी सवयीनं घास तोंडात घातला.

ताटात कोंडा. मडक्यात कोंडा. दुरडीतल्या भाकऱ्यांचाही कोंडा. आणि आई उपाशी. इतकं चालून आलेली, दोन जिवांची बाई उपाशी, कारण एका माणसाला घासभर थांबता आलं नाही. सोनकी त्या दिवशी बाबांशी बोलली नाही. बरं केलं तिनं.

दुसऱ्या दिवसापासून आई पहिली जेवू लागली. एकदम ताट फुगवून नाही, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. कधी भाजीभाकरी, कधी डाळ आणि ताक, कधी मूठभर शेंगदाणे नि गूळ. रोजचं चालणं वाढलं. गजराबाईनं तिला भिंतीला धरून हळूच उकिडवं बसायला आणि उठायला शिकवलं. आईच्या ओठांवर गुलाबी रंग चढला. बाळ आतून असं ढुशा देऊ लागलं की आई हसता हसता पोट धरायची.

आणि मग एक दिवस, आईनं पहिला घास तोंडात घातला तो कोंडा झाला.

सोनकी तडक रानात गेली. "तू खोटारडी आहेस," ती परीवर ओरडली. "आईनं नियम पाळला, आणि तू तिच्या तोंडातला घास काढलास."

परीही तितकीच तडकली. "नियम मी बदलला नाही. पहिला घास शेवटी जेवणारीचा. आईच्या अंगात बळ येईपर्यंत बाग थांबली. आता घरी जा आणि नीट बघ, शेवटी कोण जेवतं."

सोनकी घरी आली आणि चुलीमागे डोकावली. तिथे द्वारकाआत्या एकटीच बसून कालच्या भाकरीच्या तुकड्यानं मडकं पुसत होती.

"आत्या, तू रोज हेच खातेस?"

"मग काय खाऊ?" आत्या उसळली. "पोटुशीला आधी, पुरुषाला मग, पोरीला मग. उरतं काय? आणि मला कुणी आधी वाढलं होतं? माझ्या पोटात लेकरू होतं तेव्हा सासू म्हणायची, बारीक बाळ, हलकं बाळंतपण. झालं की हलकं. दोन झाली, दोन्ही ओंजळीएवढी. एकही जगलं नाही." तिनं हातातला तुकडा मडक्यात टाकला. "ते सासूचं बोलणं खोटं होतं असं मानलं, तर मी त्या दोघांचं काय करू गं?"

सोनकीला आत्यावर खूप ओरडायचं होतं. तो राग कुठे गेला नाही. फक्त आता तो आत्यावर राहिला नाही. तिनं आत्याच्या हातातलं मडकं काढून घेतलं.

पण करायचं काय? आत्याला पहिलं बसवलं तर आई पुन्हा मागे. आईला बसवलं तर आत्या. कुणीतरी शेवटी राहणारच. सोनकीनं बराच विचार केला, मग बाबांना हाक मारली.

"बाबा, सगळ्यांना पुरेल अशी मोठी पाटी विणा. आणि आज चूल तुम्ही फुंकायची."

बाबांनी रुंद, गोल पाटी विणली. आईनं बागेतून ताजी भाजी आणली, बाबांनी जाडजूड, वाकड्यातिकड्या भाकऱ्या थापल्या. पाटीत केळीची पानं अंथरून सगळं मधे ठेवलं आणि चौघं भोवती बसली. चौघांचे हात एकदमच घासाला गेले. कुणी पहिलं नाही, कुणी शेवटचं नाही. भाकरी भाकरीच राहिली. आत्या घास चावत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खाताना रडू नये असं तिला कुणीही सांगितलं नाही.

महिने भरले. कळा सुरू झाल्या तेव्हा आई अंगणात येरझाऱ्या घालत होती. कळ आली की आत्याचा खांदा धरायची, ओसरली की पुन्हा चालायची. "आहे बळ," गजराबाई म्हणाली, "भरपूर आहे." उजाडता उजाडता बाळ आलं. गुटगुटीत, लालबुंद मुलगी, आणि तिनं असं भोकाड पसरलं की झाडावरचे पोपट उडाले. आई दमली होती, घामानं भिजली होती आणि जिवंत होती.

दारात किरमिजी उजेड पडला. उजेडात परी तरंगत होती.

"सोनकी, मी निघाले," ती म्हणाली. "नियमही माझ्याबरोबर जाईल. उद्यापासून कुणीही आधी खाल्लं तरी कोंडा होणार नाही. तू स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस, म्हणून बागेचं बी तुझ्या अंगणात सोडते आहे. ते पेरायचं आणि पुढचं सांभाळायचं तुमचं तुम्ही." तिचे पंख निळे झाले, गुलाबी झाले, सोनेरी झाले. मग लख्ख प्रकाश झाला आणि तिथे नुसतं ऊन उरलं. अंगणात मोहरीएवढं इवलालं बी चमचम करत पसरलं होतं.

बाळाच्या पाचवीला बाबांचे भाऊबंद आले. पुरुष सवयीनं ओळीत बसले आणि वाट पाहू लागले. आत्या पळी घेऊन उभी होती, पण वाढत नव्हती.

"वाढ की द्वारके," बाबांचा थोरला चुलता म्हणाला. "बाळंतीण काय, जेवेल मागनं."

आता कोंडा होणार नव्हता. आत्याला ते माहीत होतं.

"मागनं जेवून माझी दोन लेकरं गेली," ती म्हणाली. "राही, बाहेर ये आणि बस. काका, तुम्ही सरका. ती बसल्याशिवाय या घरात पळी हलायची नाही."

थोरला चुलता बाजूला सरकला, आणि राही बाळाला मांडीवर घेऊन जेवायला बसली.