विझला का?

ढवळपूरच्या दोरपेठेत संध्याकाळी दुकाने बंद होताना हाक येते, “विझला का?” शेजारून उत्तर जाते, “विझला!” आणि हाक पुढच्या दारी सरकते. पाहुणे दचकतात. दिव्याबद्दल असे बोलतात का कुणी? मग पेठेतले म्हातारे सोनबा दोरकर त्यांना फळीवर बसवून घेतात.

पूर्वी इथेही ‘विझव’ म्हणत नसत म्हणे. अशुभ ना! दुकान बंद करायचे नाही, वाढवायचे; तसा दिवाही वाढवायचा. सगुणा मात्र सून होऊन आली घाटाखालून. तिच्या माहेरी दिवा मालवत. पोर शंकेखोर. कडी लागली का, चूल निवली का, तान्ह्याचा श्वास चालतो ना, पुनःपुन्हा बघायची.

“विचारून विचारून देवालाही झोपू देणार नाहीस तू!” सासू भिवराई हसायची.

दुकान रोज सासूच बंद करी. एके संध्याकाळी देवळात निघताना ती उंबऱ्यातून म्हणाली, “आज तू आवर गं. दिवा वाढव.”

सगुणा घुटमळली. दोरांसाठी रचलेल्या एवढ्या सुक्या अंबाडीत दिवा मोठा करायचा? विचारावे का? नको, पुन्हा हसतील. तिने वात पुढे सारली आणि बाळाची दुपटी काढायला परसात गेली.

वळून बघते तो दुकान पेटलेले, आणि माडीवर पाळणा! आडावरची ओली घोंगडी पांघरून ती जाळात शिरली, असे सांगतात. बाळ वाचले. पेठ वाचली नाही.

पंच म्हणाले, हिला माहेरी धाडा.

“धाडा,” बाळाला उराशी धरून सगुणा म्हणाली. “पण उद्या दुसरी सून येईल. तिलाही ‘वाढव’च सांगाल?”

“मग काय ‘विझव’ म्हणायचं? अभद्र कुठली!” पंच कडाडले.

“अभद्र ते हे समोर पडलंय,” तिने राखेकडे बोट केले. “पेठ तो शब्द बोलेपर्यंत मी दिवा लावणार नाही. आणि जाणारही नाही.”

पेठेत नवी छपरे उभी राहिली. दारोदार दिवे लागले. सगुणा तेवढी अंधारात बाळाला थोपटत बसे. शेवटी एका संध्याकाळी भिवराईच शेजारणीच्या दारात गेली.

“दिवा... विझला का गं?”

त्या रात्री सगुणाने दिवा लावला.

आजही हाक पेठभर फिरते. कुणा शंकेखोराने दुसऱ्यांदा विचारले, तर दुसऱ्यांदाही उत्तर मिळते, “विझला!” हसत मात्र कुणी नाही.