स्पंज धुतला

चकाकीपायी जीव घेता आणि वर चकाकीचंच कौतुक करता!

फार पूर्वी एका नव्या मत्स्यालयात फिल्टरमधल्या स्पंजाने अंगावर बुळबुळीत थर धरला होता. माशांच्या घाणीतलं विष पचवणारे सूक्ष्म जीव त्या थरात राहत. मासे यायचे होते, म्हणून स्पंज त्या सूक्ष्म जीवांना जिवापाड जपत होता.

मासे आणण्याच्या दिवशी मालकाने झाकण उघडलं. “शी! एवढे नाजूक मासे येणार आणि हा गाळ?”

“अहो, थांबा! हे धुतलंत तर मासे मरतील!” स्पंज ओरडला. मालकाने त्याला नळाखाली घासघासून पिळलं.

काही दिवसांतच मासे वर येऊन धापा टाकू लागले. कोरा स्पंज नुसता बघत राहिला. एकेक मासा आडवा झाला.

“एक मात्र मानायला हवं हं,” प्लास्टिकचं कमळ म्हणालं, “पाणी कसं चकाचक दिसतंय!”