एका शिरोरेषेखाली दोन नावं

एका औद्योगिक वसाहतीत केतकी नावाची एक मुलगी होती. प्लाझ्मा मशीनवर ती लोखंडी पत्रे कापायची. ज्योत फट्‌दिशी पेटली की ती रोज नव्यानं दचकायची आणि दचकली की घाई करायची.

तिची थोरली बहीण वनमाला तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती. भांडणात केतकीच बोलून गेली होती, "जा, तुझ्यावाचून काही अडत नाही." आता सगळंच अडत होतं. चहाचं आधण अजून दोघींचंच ठेवलं जायचं. दर रविवारी ती फोन लावायची. पलीकडून 'हॅलो' आलं रे आलं, की विचारायची, "ताई, घरी कधी येतेस?" पलीकडे शांतता. ती शांतता केतकीला सोसायची नाही. "बरं, राहू दे," म्हणून तीच फोन कट करायची.

एकदा तिला वाटलं, दारावर पाटी लावावी. एकाच शिरोरेषेखाली दोघींची नावं, अखंड लोखंडातून कापलेली. ताई कधी आलीच, तर तिला दिसेल. कारखान्याच्या मालकांनी जाड पत्र्याचे दोन तुकडे दिले.

पहिला तुकडा वाया गेला. ज्योत पेटली ती थेट शिरोरेषेवर. तिथं हा खड्डा! तिथून पुढे पत्रा अर्धामुर्धाच चिरला, ठिणग्या उलट्या अंगावर आल्या. पाटी उचलली तर दोन नावांच्या मधोमध मोडली.

जुने कारागीर रज्जाकचाचा बघत होते. "काय गं, बहिणीला पुन्हा तोडलंस?"

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. चाचा वरमले, जवळ आले.

"पोरी, ज्योत पेटते तिथं खड्डा पडणारच. म्हणून ती अक्षरावर पेटवायचीच नाही. बाजूच्या भंगारात पेटवायची आणि तिथनं हळूच रेषेवर यायचं. त्यालाच लीड-इन म्हणतात. आणि आरपार झाल्याशिवाय जागचं हलायचं नाही. तो पिअर्स डिले. तू तर शून्यच ठेवलायस!"

"मग पाच सेकंद ठेवू?"

"तेवढ्यात विहीर खणशील! पत्रा जेवढा जाड, तेवढंच थांबायचं."

केतकीनं मशीनवरचे आकडे बदलले. ज्योत भंगारात पेटली. ती दचकली, पण हात आवरला. खालून उजेड दिसला, मगच मशीन सरकलं. पाटी अखंड निघाली. खड्डा भंगारात राहिला.

रविवारी तिनं फोन लावला.

"हॅलो."

ओठांवर आलेला प्रश्न तिनं गिळला. "ताई, परसातल्या पेरूला यंदा खूप फळ धरलंय."

शांतता. केतकीचं बोट फोन कट करायला गेलं. हा पत्रा तीन वर्षांइतका जाड होता. ती थांबली.

"पोपट येतात का गं अजून?" पलीकडून आवाज आला, जरा ओला.

"येतात की. मेले निम्मे खातात नि निम्मे पाडतात."

वनमाला हसली. मग पोपटांवरून शेजारच्या काकूंवर, काकूंवरून आईच्या पेरूच्या कोशिंबिरीवर गप्पा गेल्या. केतकीनं काहीच विचारलं नाही.

शेवटी वनमालाच म्हणाली, "दोन पेरू कच्चेच काढून ठेव. पिकायच्या आत येते."

तात्पर्य: दुखऱ्या जागेवर थेट बोट ठेवू नये. साध्यासुध्या बोलण्यातून तिथवर यावं, आणि समोरच्याचं मन उघडेपर्यंत थांबायचा धीर धरावा.