नारोशेटच्या दारातल्या गाड्या

दोष नारोशेट कासाराचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या पाथरवेळमधली म्हातारी माणसं ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. त्यांना विचाराल तर ती देवीच्या दृष्टांतापासून सुरुवात करतात, मधे दोनदा हात जोडतात आणि नारोशेटचं नाव आलं की "मोठा मानी माणूस हो" म्हणून पुढे सरकतात. मानी नव्हता. जळका होता.

तुम्ही बाहेरून येता, कासार आळीत गाडी लावता, कालिकादेवीचं दर्शन घेऊन येईपर्यंत चाकाला जॅमर लागलेला असतो. समोरच्या बाजूला वीस गाड्या निवांत उभ्या आणि धरली तुमचीच. मग तुम्ही मान वर करून पाटी वाचता. रस्त्याच्या दक्षिण बाजूला 'विषम तारखेस पार्किंग', उत्तर बाजूला 'सम तारखेस पार्किंग'. असा नियम सगळ्याच गावांत असतो, म्हणाल. असतो. पण उत्तरेची पाटी जरा जवळ जाऊन बघा. ती खांबावर नाही, एका धोंड्यात रोवलेली आहे. नगरपरिषद त्या धोंड्याला दरवर्षी पिवळा रंग देते आणि आळीतल्या बायका त्या पिवळ्यावर कुंकू लावतात. पाटीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आहे: 'नवरीच्या गाडीस बंधन नाही.' ही ओळ कुठल्या मुख्याधिकाऱ्याने घातली ते कोणालाच सांगता येत नाही. काढायची हिंमतही कोणी केलेली नाही.

हा नियम मोटारींच्या कितीतरी आधीचा आहे, असं सांगतात. तेव्हा तारखा नव्हत्या, तिथ्या होत्या. गाड्या होत्या त्या बैलांच्या.

आळीच्या दक्षिणेला भानशेट कासाराचं घर आणि दुकान. त्याला दोन मुलं, थोरला नारो आणि धाकटी गोजरा. दोघंही बापाच्या मांडीशी बसून बांगड्या भरायला शिकली. हे काम बघितलं नसेल तर सांगतो. बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याचं हाड आत दुमडायचं, पंजा लोण्यासारखा मऊ करायचा आणि त्याच्यापेक्षा लहान दिसणारी काचेची बांगडी वर सरकवायची. बाईला कळ येता कामा नये आणि बांगडी वाढता कामा नये. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारोच्या हातून ती बरीच वाढायची.

एकदा दुकान बायकांनी भरलेलं असताना भानशेट हसत म्हणाला, "पोराचा हात निबर आहे. पोरीच्या हातात देवी बसलीय."

झालं. बापाने गंमत केली आणि विसरून गेला. चार बायकांसमोर पोराचा हात निबर ठरवताना पोराच्या तोंडाकडे बघावं, एवढी अक्कल त्या म्हाताऱ्याला नव्हती. नारो तेव्हा बारा वर्षांचा होता. पुढे तो नारोशेट झाला, बाप गेला, दुकान त्याच्या एकट्याचं झालं. पण ते वाक्य त्याच्याबरोबर म्हातारं होत राहिलं.

गोजराचं लग्न झालं ते समोरच्याच घरात. नवरा शेतीवाडी बघणारा, गरीब स्वभावाचा. तिने उत्तरेच्या त्या ओट्यावर एक पाट टाकला, बांगड्यांच्या माळा खुंटीला अडकवल्या आणि बसली. दुकान नव्हतंच ते. तरी सहा महिन्यांत पंचक्रोशीतल्या लग्नाच्या चुड्याच्या गाड्या तिच्या दारात उभ्या राहू लागल्या.

नारोशेटच्या दुकानात काही कमी नव्हतं. चांगला माल, मोठी गादी, बापाचं नाव. गिऱ्हाईकही येत होतं. पण त्याची नजर आपल्या गिऱ्हाइकावर नसायचीच. हातात एका बाईचा हात आणि डोळे समोर. आज तिच्याकडे सहा गाड्या. आज नऊ. बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला वाकून नमस्कार करते, ती रीत आहे. समोर कोणी वाकलं की हा तेही मोजायचा. तिकडून बायकांचं हसणं आलं की आपल्यालाच हसल्या असं त्याला वाटायचं. म्हणे, त्याला तिच्या बांगड्यांचा आवाजही ओळखू यायचा, आणि जेवताना तो आवाज आला की तो ताट सारून उठायचा. बायको विचारायची, "काय झालं?" तो म्हणायचा, "मीठ जास्त आहे."

बहीण दर रक्षाबंधनाला रस्ता ओलांडून राखी बांधायला यायची. तो हात पुढे करायचा आणि तिच्या बोटांकडे बघत बसायचा.

शेवटी त्याने रस्त्याचं कारण काढलं. स्वतःच्या जळण्याला सार्वजनिक हिताचं नाव देणारी माणसं तेव्हाही होती. तो पंचांकडे गेला आणि म्हणाला, "गोजराच्या दारात गाड्यांची रांग लागते. उद्या देवीची पालखी कशी जायची?" पालखी वर्षातून एकदा निघते आणि त्या दिवशी आळीत कुत्रंही बसलेलं नसतं. पंचांना ते माहीत होतं. पण पंच म्हणजे पाच म्हातारे, रोज नारोशेटच्या ओट्यावर बसून त्याचं पान खाणारे. त्यांच्या सुना-लेकी बांगड्या गोजराकडे भरायच्या आणि माना त्यांनी नारोशेटकडे बघून हलवल्या. गोजराला कोणी विचारलंही नाही.

ठरलं असं: एक दिवस गाड्या दक्षिणेला लावायच्या, एक दिवस उत्तरेला. तिथी सम असेल तर एकीकडे, विषम असेल तर दुसरीकडे. देवळातल्या हरबा गुरवाने रोज पहाटे शेंदूर लावलेला एक धोंडा उचलायचा आणि ज्या बाजूला बंदी त्या बाजूला ठेवायचा.

"शेट, तुम्हाला कोणती तिथी? सम का विषम?" हरबाने विचारलं.

नारोशेटने बोटांवर मोजलं. मी शाळेत फार टिकलो नाही, पण पंधरापर्यंत मलाही मोजता येतं. पंधरवड्यात विषम तिथ्या आठ, सम सात. शिवाय पंधरावी तिथी संपली की पुन्हा पहिली लागते, म्हणजे विषमला लागून विषम. सलग दोन दिवस गाड्या आपल्या दारात आणि बहिणीचं दार रिकामं. तो खूश झाला.

"विषम," तो म्हणाला.

मग त्याने देवीसमोर बेलभंडार उचलला आणि पंचांनाही उचलायला लावला. शपथेचे शब्द त्याचेच होते: "विषम तिथीला गाडी माझ्याच बाजूला. समोर एकही नाही. मग कोणाचं लग्न असो, कोणाचं मरण असो."

हरबा निरोप घेऊन गोजराकडे गेला. तिने हातातली बांगडी आधी नीट वर चढवली, मग दारात येऊन समोर हाक मारली. "दादा, कर उभ्या तुझ्या दारात. बायका दहा पावलं चालतील."

तसंच झालं. पहिल्या विषम तिथीला अकरा गाड्या नारोशेटच्या दारात लागल्या. तो धुवट पागोटं घालून गादीवर बसला. गाड्यांतून बायका उतरल्या, पदर सावरला आणि रस्ता ओलांडून गोजराच्या ओट्यावर गेल्या. नारोशेटला अकरा गाड्या मिळाल्या आणि बावीस बैलांचं शेण.

इथे थांबता आलं असतं. पंचांकडे जाऊन, चुकलं माझं, म्हणायचं होतं. पण समोरचं दार रिकामं दिसतंय एवढ्यावर तो समाधान मानायला लागला. आपल्याला काही मिळालं नाही तरी चालेल, तिच्या दारात नको. जळणारा माणूस असाच हळूहळू थोडक्यात भागवायला शिकतो.

तीन वर्षं गेली. नारोशेटला एकच मुलगी होती, मंजुळा. तिचं लग्न वैशाखी पौर्णिमेला ठरलं. आदल्या दिवशी चुडा भरायचा होता. मंजुळा म्हणाली, "आबा, चुडा आत्याच्या हातचा हवा."

"कासाराच्या लेकीचा चुडा बापाने भरायचा," तो म्हणाला. त्याने तिचा हात धरला. समोरच्या ओट्यावरून कोणीतरी बघतंय असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात गोजरा आत भाचीसाठी पुरण वाटत बसली होती. डाव्या हातात चार बांगड्या वाढल्या. मनगटावर रक्त आलं. त्याने रक्त पुसलं आणि डावा हात तसाच अर्धा ठेवला.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, पंधरावी तिथी. वऱ्हाडाच्या गाड्या, पाहुण्यांच्या गाड्या, शिवाय लग्नसराई म्हणून गोजराकडे आलेल्या गावोगावच्या गाड्या, सगळ्या नारोशेटच्या दारात. सतरा होत्या. व्याही म्हणाला, "शेट, दारात जत्रा आहे तुमच्या!" आयुष्यात पहिल्यांदा त्याचं पोट निवलं, असं सांगतात. संध्याकाळी लग्न लागलं.

पाठवणी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. त्या दिवशी प्रतिपदा. पुन्हा विषम.

लग्नाच्या जेवणाला सगळेच मुक्कामी राहिले होते. रात्रीतून कोणी गाडी हलवली नव्हती, कारण हलवायची गरजच नव्हती. जू टेकवलेल्या सतरा गाड्या एकमेकींना खेटून उभ्या, चाकात चाक अडकलेलं. गाडीवान बैल घेऊन तळ्यावर पाणी पाजायला गेलेले. नवरीची टप घातलेली दमणी आळीच्या तोंडाशी येऊन थांबली. दारापर्यंत यायला जागा नव्हती, आणि नवरीने दारातच गाडीत बसायचं ही रीत. निघायची वेळ भटजींनी दिलेली, आणि ती सरत चालली होती.

व्याही म्हणाला, "समोर मोकळं आहे की. दमणी समोर लावू."

नारोशेट म्हणाला, "समोर नाही."

"मग या गाड्या समोर ढकला."

"समोर नाही म्हटलं ना!"

हरबा गुरव तिथेच धोंड्याजवळ बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे शेटचं. कोणाचं लग्न असो, कोणाचं मरण असो. मीच ऐकलंय."

वऱ्हाडात कोणीतरी हसलं. पाचही पंच हजर होते आणि पाचही जण जमिनीकडे बघत होते. एकाने तोंड उघडलं असतं तरी भागलं असतं. कोणी उघडलं नाही. समोरच्या ओट्यावर गोजरा उभी होती, हातात ओटीचं ताट. तीन वर्षांपूर्वी तिला कोणी विचारलं नव्हतं, आज तिने सांगितलं नाही.

मंजुळा उंबऱ्यात उभी होती. तिने बापाकडे बघितलं. त्याने फक्त एक शब्द बोलायचा होता. तो गोजराच्या ओट्याकडे बघत होता.

"आबा," ती म्हणाली, "बेलभंडार तुम्ही उचललाय. मी नाही."

तिने शालू गुडघ्यापर्यंत वर खोचला, एका गाडीच्या जुवावर पाय ठेवला, पलीकडे उतरली, दुसरीच्या खालून वाकून गेली आणि रस्त्यावर आली. दोन्हीकडची माणसं जागच्या जागी थांबली. ती एकटी रस्ता ओलांडून आत्याच्या ओट्यावर चढली आणि डावा हात पुढे केला.

गोजराने ताट खाली ठेवलं. चार बांगड्या भरल्या. एकही वाढली नाही. मंजुळाने वाकून नमस्कार केला, आत्याने ओटी भरली. तोवर हरबा उठला होता. त्याने शेंदराचा धोंडा छातीशी धरून बाजूला केला आणि दमणीला हात करून म्हणाला, "ये रे. नवरीची गाडी आहे."

त्या वेळी बैल नसलेल्या सतराही गाड्यांच्या घुंगरमाळा आपोआप वाजल्या, असं म्हातारे सांगतात. मला पटत नाही. घुंगरमाळा बैलांच्या गळ्यात असतात आणि बैल तळ्यावर होते. नारोशेटने काय ऐकलं ते मी सांगतो. तो आपल्या दारात होता, त्याच्यासमोर सतरा गाड्यांची भिंत होती आणि लेक निघताना त्याला दिसली नाही. तिने दमणीत चढताना डावा हात वर धरला तेव्हा बांगड्या किणकिणल्या. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता.

पंचांनी नंतर बैठक घेतली, देवीने दृष्टांत दिला असं जाहीर केलं आणि नवरीची गाडी नियमातून सोडवली. दृष्टांत कोणालाच झाला नव्हता. आपण गप्प बसलो होतो हे सांगण्यापेक्षा देवीचं नाव घेणं सोपं होतं.

मंजुळा माहेरपणाला यायची ती सम तिथी बघून, आणि उतरायची आत्याच्या दारात. नारोशेट गादीवर बसून बघायचा. मधे रस्ता दहा पावलांचा. त्याने तो ओलांडला नाही. पुढे गोजरा गेली, तिच्या ओट्यावर तिची सून बसली, तरी हा गाड्या मोजतच होता, म्हणे.

आजही आमच्या आळीत दक्षिणेच्या घरात लग्न असलं की नवरी पायी रस्ता ओलांडते आणि उत्तरेला, धोंड्यापाशी, गाडीत बसते. तारीख कोणतीही असो. ट्रॅफिक हवालदार शिटी मारून दोन्हीकडची वाहतूक थांबवतो, टोइंगवाले तोंड फिरवून उभे राहतात आणि ती पलीकडे पोचेपर्यंत कोणी हॉर्न वाजवत नाही. नारोशेटच्या घराच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. विषम तारखेला त्याच्या दारात गाड्या खेटून लागलेल्या असतात, आणि एकतीस तारखेला लागून एक तारीख आली की सलग दोन दिवस.

गाड्या त्याला मिळाल्या. त्याची एकुलती एक लेक त्याच्या दारातून निघाली नाही आणि पुन्हा त्या दारात आली नाही.